यहुदी मशीहा-परंपरा आणि ख्रिस्ती पुनरुत्थानश्रद्धेचा उगम : मराठी मुलखातून एक आढावा

नासरेथचा येशू इ.स. ३०च्या सुमारास यरुशलेमात रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने वधस्तंभावर मारला गेला, आणि थोड्याच अवधीत त्याचे यहुदी अनुयायी ‘देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले, तोच मशीहा होय’ असे उघडपणे सांगू लागले, या दोन गोष्टींवर आज बहुतेक इतिहासकारांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो या दोहोंना जोडणाऱ्या दुव्यापाशी. शत्रूच्या हातून अपमानित होऊन मेलेला माणूस मशीहा ठरावा, अशी सोय यहुदी परंपरेत आधीपासून होती की ती नव्याने निर्माण झाली, आणि ‘उठवला गेला’ ही भाषा त्या अनुयायांना कोठून मिळाली, असा हा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील वाचकाला तो दूरच्या पॅलेस्टाइनचा वाटण्याचे कारण नाही, कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मराठीत नांदल्या आहेत. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा बेने इस्रायल समाज मशीहाची वाट पाहणारा, तर गोवा, वसई, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक येथील ख्रिस्ती समाज तो येऊन गेला असे मानणारा. या दोन समाजांचा अनुभव शेजारी ठेवला, तर मूळ प्रश्नावरही काही प्रकाश पडतो.

अभिषिक्त राजा ते अपेक्षित तारणारा

‘मशीहा’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. हिब्रू शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसंग्रहात, हे विशेषण प्रथम राजाला आणि मुख्य याजकाला लावले जाते, आणि यशयाच्या ४५व्या अध्यायात तर ते यहुद्यांना बाबेलच्या बंदिवासातून सोडवणारा इराणचा परधर्मीय सम्राट कोरेश यालाही लावलेले आहे. दावीद राजाचे सिंहासन कायम राहील, असे वचन नाथान संदेष्ट्याने दिल्याची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात येते. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले, दावीदाचे घराणे गादीवरून गेले, आणि जे वचन चालू राज्याचा आधार होते ते पुढच्या काळाची आशा होऊन बसले. परकी सत्ता जसजशी बदलत गेली, तसतशी या आशेची रूपेही पालटली. रोमी सेनापती पाँपी याने इ.स.पू. ६३मध्ये यरुशलेम घेतल्यानंतर रचल्या गेलेल्या ‘शलमोनाची स्तोत्रे’ या संग्रहातील १७व्या स्तोत्रात दावीदवंशी राजा परक्यांना हाकलून नगर शुद्ध करील अशी अपेक्षा आहे. दानीएलाच्या ७व्या अध्यायातील, मेघांवर येणारा ‘मानवपुत्रासारखा’ पुरुष पुढे हनोखाच्या नावावरील ग्रंथात न्याय करणारी स्वर्गीय व्यक्ती झाला.

१९४७पासून मृत समुद्राकाठी कुम्रानच्या गुहांमध्ये सापडत गेलेल्या गुंडाळ्यांनी हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. तेथील पंथाच्या नियमग्रंथात एक याजक आणि एक राजा अशा दोन मशीहांची अपेक्षा आहे. दुसऱ्या एका तुकड्यात मशीहाच्या काळाचे वर्णन करताना जखमी बरे होतील, मेलेले जिवंत केले जातील आणि दीनांना सुवार्ता सांगितली जाईल असे म्हटले आहे, मात्र ही कामे करणारा देव स्वतः की त्याचा मशीहा, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. या पुराव्यावरून एवढे निश्चित होते, की येशूच्या काळात मशीहाविषयी एकच ठाम शिकवण नव्हती, परस्परांना छेदणाऱ्या अनेक अपेक्षा होत्या. इतिहासकार योसेफस ज्यांची हकिगत सांगतो ते थुदास आणि ‘इजिप्ती’ म्हणून ओळखला जाणारा संदेष्टा याच अपेक्षांवर लोक गोळा करीत होते, आणि रोमी सैन्याने त्यांची पांगापांग केली.

या सर्व अपेक्षांत एक उणीव स्पष्ट दिसते. मशीहा दुःख भोगून मरेल आणि मग उठेल, असे ठामपणे सांगणारा ख्रिस्तपूर्व मजकूर हाती नाही. यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती वाचकांना येशूच वाटतो, परंतु त्याच उताऱ्याच्या ‘तर्गूम’मध्ये, म्हणजे आरामी भाषेतील जुन्या यहुदी भाषांतरात, सेवकाला मशीहा मानूनही त्याची दुःखे इतरांच्या वाट्याला लावलेली आहेत. योसेफवंशी मशीहा युद्धात मारला जाईल ही कल्पना तालमुद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, ग्रंथात येते, पण तो नंतरचा आहे. इ.स. १००च्या आसपासच्या ‘एज्राचे चौथे पुस्तक’ या रचनेत मशीहा ४०० वर्षांनी मरतो खरा, पण त्याच्याबरोबर सारी माणसेही मरतात आणि मग सर्वांचे उठणे होते. २१व्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘गाब्रिएलाचा दृष्टांत’ नावाच्या शिलालेखावरून इस्रायली अभ्यासक इस्राएल क्नोल यांनी तीन दिवसांत जिवंत होणाऱ्या नेत्याची कल्पना येशूपूर्वीची असल्याचा दावा केला, तथापि त्यातील कळीच्या शब्दाचे वाचन पुढे वादग्रस्त ठरले आणि खुद्द क्नोल यांनीही ते बदलले.

मृतांचे उठणे : एका छळातून आलेली आशा

पुनरुत्थान म्हणजे मेलेल्या माणसाला देवाने शेवटल्या काळी देहासह पुन्हा उभे करणे. मराठी वाचकाने ही कल्पना तिच्याजवळ भासणाऱ्या इतर कल्पनांपासून वेगळी ठेवली पाहिजे. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात जातो, संजीवन समाधीत साधक स्वेच्छेने देहव्यवहार थांबवतो, आणि तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनात मृत्यूच टळतो. हिब्रू शास्त्रातील एलीया संदेष्ट्याचे अग्निरथातून स्वर्गारोहण या शेवटच्या प्रकाराशी जुळणारे आहे. पुनरुत्थानात मृत्यू खरोखर घडलेला असतो, आणि तो देवाने उलटवलेला असतो.

प्राचीन इस्राएलात ही श्रद्धा आरंभापासून नव्हती. मेलेले अधोलोकात सावलीसारखे पडून राहतात, अशी जुनी समजूत होती. यहेज्केलाच्या ३७व्या अध्यायात वाळलेली हाडे जिवंत होतात, पण तेथे तो बंदिवान राष्ट्राच्या पुनरुज्जीवनाचा दृष्टांत आहे. व्यक्तींच्या उठण्याचा निःसंदिग्ध उल्लेख दानीएलाच्या १२व्या अध्यायात येतो, आणि चिकित्सक अभ्यासकांच्या मते त्या पुस्तकाला आजचे रूप इ.स.पू. १६५च्या आसपास मिळाले. सिरियाचा राजा अंतियोख चौथा एपिफानीस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घालून मंदिर भ्रष्ट केले, तेव्हा नियमशास्त्र पाळणारेच मारले जाऊ लागले आणि धर्मनिष्ठेचे फळ याच जन्मी मिळते हा जुना हिशेब चुकू लागला. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील सात भाऊ छळकर्त्यासमोर हातपाय तुटत असताना देव ते परत देईल असे म्हणतात, ते या पार्श्वभूमीवर. पुनरुत्थानाची आशा परलोकाच्या कुतूहलातून आलेली नाही, तिचा जन्म देवाच्या न्यायाविषयीच्या प्रश्नातून झालेला आहे.

येशूच्या काळी परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे लोकप्रिय अर्थ लावणारे, ही श्रद्धा मानत, आणि मंदिराच्या कारभाराशी निगडित सदूकी ती नाकारत. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात पुनरुत्थान नाकारणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटा नाही असे ठरले. ‘अमिदा’ या उभ्याने म्हणायच्या नित्यप्रार्थनेच्या दुसऱ्या आशीर्वचनात मृतांना जिवंत करणारा म्हणून देवाची स्तुती होते, आणि १२व्या शतकात मैमोनिदीस या तत्त्वज्ञाने मांडलेल्या तेरा श्रद्धातत्त्वांत बारावे मशीहाच्या येण्याचे, तर तेरावे मृतांच्या उठण्याचे आहे. ज्याला सामान्यतः ख्रिस्ती श्रद्धा समजले जाते, ते अशा रीतीने रब्बींच्या यहुदी धर्माचेही अधिकृत मत आहे.

नवे काय होते

ख्रिस्ती पुनरुत्थानश्रद्धेचा सर्वांत जुना सविस्तर लिखित पुरावा प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात आहे. पौल स्वतः परूशी होता. इ.स. ५०नंतरच्या काही वर्षांत लिहिलेल्या या पत्रात तो आपल्याला आधीपासून मिळालेले वचन उद्धृत करतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला (म्हणजे पेत्राला), बाराजणांना व इतरांना दिसला. या वचनाची घडण येशूच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली असावी, यावर परस्परविरोधी मतांचे अभ्यासकही बहुधा सहमत आहेत. यात रिकाम्या कबरेचा उल्लेख नाही. तो मार्काच्या शुभवर्तमानात येतो, आणि मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावरच, भ्यालेल्या स्त्रियांपाशी, कथा थांबते. उठलेल्या येशूच्या सविस्तर भेटी मत्तय, लूक आणि योहान यांच्या लेखनात आहेत.

याच अध्यायात पौल येशूला मृतांतील ‘प्रथमफळ’ म्हणतो. वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत हंगामाची पहिली पेंढी मंदिरात अर्पण करावी, असा नियमशास्त्राचा आदेश होता, आणि येशूचा मृत्यूही वल्हांडणातलाच. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत आणि निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पहिला घड उतरला म्हणजे हंगाम लागला असे समजतात, कारण तो घड उरलेल्या बागेपेक्षा वेगळा नसून तिचाच अग्रभाग असतो. पौलाचे म्हणणे नेमके असेच आहे. सर्वांचे उठणे एकदम आणि काळाच्या शेवटी होईल असे परूशी मानत असताना, ते एका माणसापासून आणि इतिहास चालू असतानाच सुरू झाले, असे तो सांगतो. मशीहाची आशा जुनी, पुनरुत्थानाची आशा जुनी, परंतु मशीहा प्रथम उठेल, एकटा उठेल, आणि या उठण्यामुळेच तो मशीहा ठरेल, ही जोडणी नवी होती. तिला आधार म्हणून ११०वे व १६वे स्तोत्र, होशेयाच्या ६व्या अध्यायातील तिसऱ्या दिवसाचा उल्लेख आणि यशयाचा सेवक हे उतारे पुढे आले. त्या उताऱ्यांतून ही श्रद्धा निघाली, की श्रद्धा आधी बसली आणि मग उतारे शोधले गेले, हाच वादाचा गाभा होय.

अडीचशे वर्षांची चर्चा

आधुनिक चिकित्सेचा आरंभ हेर्मान झाम्युएल रायमारुस या जर्मन विद्वानाच्या लेखनापासून धरतात. जर्मन लेखक लेसिंगने त्याच्या मृत्यूनंतर, १७७४ ते १७७८ या काळात, त्याचे निबंध प्रसिद्ध केले, आणि त्यांत शिष्यांनीच देह चोरला असा तर्क होता. डेव्हिड फ्रीडरिष श्ट्राउस याने १८३५मध्ये फसवणुकीचा तर्क सोडून शिष्यांचे दर्शनानुभव आणि शास्त्रवचनांतून घडलेली पुराणकथा असे स्पष्टीकरण दिले, आणि गेर्ड ल्यूडेमान यांनी १९९४मध्ये शोक व अपराधभाव यांतून आलेली दर्शने या स्वरूपात त्याच दिशेने मांडणी केली. जेम्स फ्रेझरने १८९०पासून मरून उठणाऱ्या देवतांचा समान साचा पुढे आणला होता, परंतु त्या देवता ऋतुचक्राशी बांधलेल्या आहेत आणि नुकत्याच मारल्या गेलेल्या ओळखीच्या माणसाशी त्यांचे फारसे साम्य नाही, हे लक्षात आल्यावर बहुतेक अभ्यासक पुन्हा यहुदी पार्श्वभूमीकडे वळले.

ब्रिटिश विद्वान एन. टी. राइट यांच्या २००३मधील ग्रंथाचा युक्तिवाद असा, की यहुदी अपेक्षेत एकट्या मशीहाच्या उठण्याला जागाच नव्हती, म्हणून रिकामी कबर आणि प्रत्यक्ष भेटी यांखेरीज ही श्रद्धा उद्भवलीच नसती. या युक्तिवादाचा पूर्वार्ध बराचसा टिकतो, उत्तरार्ध तितका टिकत नाही, कारण मार्काच्या ६व्या अध्यायानुसार हेरोदाला आणि इतर काहींना येशू म्हणजे उठलेला बाप्तिस्मा करणारा योहानच वाटत होता. एका व्यक्तीच्या उठण्याची कल्पना लोकांना अगदीच अपरिचित नव्हती, असे त्यावरून दिसते. यहुदी अभ्यासकांचीही मते एकसारखी नाहीत. गेझा वेर्मेश यांनी शिष्यांच्या अंतःकरणात पुन्हा जागलेली निष्ठा असा अर्थ लावला, जॉन लेव्हनसन यांनी पुनरुत्थानाची कल्पना हिब्रू शास्त्राच्या गाभ्यातूनच वाढल्याचे २००६मध्ये दाखवले, आणि पिंखास लापीदे या सनातनी यहुदी विद्वानाने १९७७मध्ये येशूचे उठणे ही खरी घटना मानूनही त्याला इस्राएलचा मशीहा मानण्यास नकार दिला.

लापीदेंची भूमिका विक्षिप्त वाटली, तरी तर्कदृष्ट्या ती फार उपयोगाची आहे, कारण पुनरुत्थान मानणे आणि मशीहा मानणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे तिच्यामुळे उघड होते. नेत्याच्या अपयशानंतर चळवळींचे काय होते, याची यहुदी इतिहासातील उदाहरणेही हेच दाखवतात. रब्बी अकिवाने ज्याला मशीहा मानले त्या बार कोखबाचे बंड इ.स. १३२ ते १३५ चालले, आणि तो मारला गेल्यावर तो उठल्याचे कोणी म्हटले नाही. १६६६मध्ये शब्बताई झ्वी याने इस्लाम स्वीकारल्यावर त्याच्या काही अनुयायांनी त्या धर्मांतरालाच गूढ अर्थ दिला. मुंबईचे नरिमन हाउस ज्या खबाद पंथाचे केंद्र आहे, त्याचे रब्बी मेनाखेम शनीर्सन १९९४मध्ये निवर्तल्यावर ते मशीहा म्हणून परत येतील असे काही अनुयायी मानत राहिले. भाकीत फसल्यावर श्रद्धा उलट दृढ होते, हा लिऑन फेस्टिंगर यांचा १९५६चा सिद्धांत यांतील काही उदाहरणांना लागू पडतो. परंतु श्रद्धा का टिकली एवढेच तो सांगतो, तिने ‘पुनरुत्थान’ हेच रूप का घेतले ते सांगत नाही.

कोकणातील साक्ष

शास्त्रवचनांतून ही श्रद्धा निघाली का, या प्रश्नापाशी बेने इस्रायल समाजाचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची उगमकथा आहे, आणि हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७मध्ये लिहिलेल्या व १९३७मध्ये छापल्या गेलेल्या इतिहासात हे आगमन इ.स.पू. १७५च्या सुमाराचे, म्हणजे अंतियोखाच्या छळाच्या काळातले मानले आहे. अंतियोखाविरुद्ध लढलेल्या मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा सण या समाजात पूर्वी नव्हता, म्हणजे पूर्वज त्या विजयाआधीच निघाले असावेत, असा केहीमकरांचा आधार होता. हे अनुमान आहे, त्याला समकालीन लेखी पुरावा नाही. पण तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा समाज शतकानुशतके हिब्रू ग्रंथांविना, केवळ शनिवारचा विसावा, सुंता, माशांविषयीचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना यांवर टिकून राहिला, यात शंका नाही.

या ग्रंथविहीन काळातही एक व्यक्ती त्यांच्या धर्मजीवनाच्या केंद्रस्थानी राहिली, ती म्हणजे एलियाहू हनाबी, अर्थात एलीया संदेष्टा. गोड पोहे, खोबरे आणि फळे यांच्या ताटासमोर होणारा मलिद्याचा विधी लग्न, नवस आणि नवे घर अशा प्रसंगी त्याच्या नावाने करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या असून तेथून तो स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. गलबत फुटल्यावर किनाऱ्यावर निपचित पडलेल्यांना त्यानेच शुद्धीवर आणले, असेही सांगतात. परमेश्वराच्या दिवसापूर्वी एलीया येईल असे मलाखीच्या शेवटी म्हटले असल्यामुळे सर्व यहुदी परंपरेत तो मशीहाचा अग्रदूत आहे. शुभवर्तमानांतही योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला एलीयाचे स्थान दिलेले आहे, आणि वधस्तंभावरील येशूची हाक ऐकून तो एलीयाला बोलावतो आहे असे जमलेल्यांना वाटते. कोकणात मात्र एलीयाचे अग्रदूतपण मागे पडून संकटात धावून येणारा संदेष्टा हे रूप पुढे आले. मशीहाविषयीची विकसित शिकवण या समाजाकडे मुख्यतः १८व्या आणि १९व्या शतकांत, कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून आणि छापील प्रार्थनापुस्तकांतून आली. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६मध्ये बांधले, आणि पुढे जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

त्याच सुमारास दुसऱ्या वाटेनेही हेच शास्त्र बेने इस्रायलांच्या हाती पडत होते. कोचीनचा बाप्तिस्मा घेतलेला यहुदी मायकेल सार्गोन १८२०च्या दशकात मिशनच्या वतीने त्यांच्या मुलांना शिकवीत होता, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याने १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. शिकवणाऱ्यांची धारणा अशी, की यशया आणि दानीएल ही पुस्तके एकदा समजली म्हणजे येशू हाच मशीहा हे पटेल. प्रत्यक्षात धर्मांतर केलेले बेने इस्रायल फार थोडे निघाले, आणि बहुसंख्य लोक त्याच शिक्षणाच्या बळावर अधिक जाणते यहुदी झाले. १८८०च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या मराठी कीर्तनांत हिब्रू शास्त्रातील कथा ओव्या-आर्यांत गायल्या जाऊ लागल्या, त्या या जागृतीचेच फळ होत. अर्थात समाजाची एकजूट, कोचीन आणि बगदादी यहुद्यांचा आधार व अंगवळणी पडलेले आचार हीदेखील यामागची कारणे होती, म्हणून या उदाहरणाला प्रयोगशाळेतील पुरावा समजता येत नाही. तरीही शास्त्रवचने वाचून पुनरुत्थित मशीहाची श्रद्धा आपोआप उगवते, हा तर्क त्यामुळे दुबळा होतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेची मांडणी

ख्रिस्ती बाजूने पाहता हेच उलट दिशेने दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीपासूनची जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे, त्यामुळे पहिला भाग सगळाच दुसऱ्याची वाट पाहणारा होतो. कवी नारायण वामन टिळकांनी आरंभलेल्या आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याची भाषा आणि भक्तिभाव वेगळा, पण येशूच्या जीवनावरून मागील शास्त्राचा अर्थ लावण्याची दृष्टी तीच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले, १९२४मध्ये प्रसिद्ध झालेले मराठी बायबल मूळ पाठाकडे परतते, तरी त्यामागची प्रेरणा पुनरुत्थित ख्रिस्तावरील निष्ठेचीच आहे. नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटीने १९व्या शतकाच्या मध्यास वसवलेले शरणपूर आज रस्त्याच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. तेथे आलेले लोक यहुदी अपेक्षांच्या वारशातून आलेले नव्हते. त्यांनी आधी ख्रिस्त स्वीकारला आणि मग त्याच्यामागचा इस्राएलचा इतिहास आपला म्हणून वाचला. सर्वच परधर्मीय ख्रिस्ती समाजांचा प्रवास पौलाच्या काळापासून असाच झाला आहे.

निष्कर्ष

सर्व पुरावा एकत्र पाहता तीन गोष्टी मान्य कराव्या लागतात. पहिली, पुनरुत्थानश्रद्धेची सारी सामग्री यहुदी आहे: अभिषिक्त राजा, हुतात्म्यांना मिळणारा न्याय, एलीयाचे पुनरागमन आणि शेवटल्या दिवशीचे उठणे. दुसरी, या सामग्रीची येशूभोवती झालेली जुळणी कोणत्याही ज्ञात यहुदी ग्रंथात तयार स्वरूपात नव्हती, आणि त्याच शास्त्राचे वाचक तिच्याविना राहू शकतात, हे रब्बींच्या परंपरेने आणि कोकणातील बेने इस्रायलांनी दाखवून दिले आहे. तिसरी, ती जुळणी शिष्यांना आलेल्या अशा काही अनुभवांवर उभी आहे, ज्यांची प्रामाणिकता बहुतेक इतिहासकार मान्य करतात, पण ज्यांचे कारण इतिहासाच्या साधनांनी सर्वांना पटेल असे ठरवता येत नाही. एकाने चमत्कार मानला तरी किंवा दुसऱ्याने मानसिक दर्शन मानले तरी त्या अनुभवाला शिष्यांनी दिलेले नाव यहुदीच राहते.

म्हणूनच ‘यहुदी पुनरुत्थान नाकारतात आणि ख्रिस्ती ते मानतात’ ही रूढ विभागणी टिकत नाही. अमिदा म्हणणारा मराठीभाषक बेने इस्रायल आणि मराठीतून ईस्टरची उपासना करणारा ख्रिस्ती हे दोघेही मृतांना उठवणाऱ्या एकाच देवाला हाक मारतात. त्यांच्यातला खरा वाद काळाचा आहे. एकाच्या मते न्याय अजून व्हायचा आहे आणि जगातील अन्याय हाच त्याचा पुरावा, तर दुसऱ्याच्या मते न्यायाला आरंभ झाला आहे आणि त्याची पूर्तता उरली आहे. पहिल्याला आरंभाची खूण दाखवावी लागत नाही, दुसऱ्याला मात्र इतकी शतके पूर्तता का लांबली याचे उत्तर द्यावे लागते, आणि ख्रिस्ती ईश्वरविद्येचा मोठा भाग पौलापासून आजतागायत हे उत्तर देण्यातच खर्ची पडला आहे.